शिखरं सहा

१

रोज सकाळी आठला पाच कमी असताना काकू ओले हात पुसत बघायच्या खोलीत यायच्या, उत्तरेची खिडकी उघडायच्या आणि विचारायच्या, "झालात का तयार?"

"मी कधीचाच तयार आहे. उजेडाला विचार," काका म्हणायचे.

हा विनोद बावीस वर्षांचा झाला होता. त्यावर आता कोणी हसत नसे, पण एखाद्या सकाळी तो झाला नसता तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटलं असतं.

काका हवामान खात्याचे निरीक्षक. टेकडीच्या माथ्यावर त्यांचं केंद्र होतं. राहायला दोन खोल्या आणि तिसरी ही बघायची. किती लांबचं दिसतंय ते इथून रोज तीन वेळा बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. त्यासाठी भिंतीवर खुणांची यादी टांगलेली होती. पाण्याची टाकी, दोन किलोमीटर. गिरणीची चिमणी, पाच. नदीवरचा पूल, नऊ. दगडाची खाण, वीस. रेडिओचा मनोरा, पस्तीस. आणि सगळ्यांत शेवटी, एकशे चाळीस किलोमीटरवर, दूरची रांग. ती वर्षातून फार तर चाळीस-पन्नास दिवस दिसायची, तीही हवा धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ असली तर. तिला सहा शिखरं होती. त्यातली किती दिसली, त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा.

यादीखाली त्या रांगेचं लांबलचक पेन्सिलचित्र होतं, काकांच्याही आधीच्या कोणा निरीक्षकानं काढलेलं. सहा उंचवटे, प्रत्येकावर बारीक आकडा. सहाव्याच्या उजवीकडे कागद जरा पातळ होता, रबरानं पुष्कळ घासल्यासारखा. धूळ पुसताना काकू तिथे फडकं हलकेच फिरवायच्या. उगाच फाटायला नको.

खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांपासून बघत होत्या त्या काकूच. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. नाकाजवळ वही धरून लिहिता यायचं, पण टाकीच्या पलीकडचं सगळं त्यांना दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत. त्यांच्या वडिलांचा एक डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता, आणि तो गेलेला डोळा लहानपणी त्यांना रोज जेवताना समोर दिसायचा.

मग काकूंनी नेम केला. नेम करायची त्यांना लहानपणापासूनची सवय. कोणाचं आजारपण असलं, कोणाची परीक्षा असली, की त्या स्वतःला काहीतरी बांधून घ्यायच्या. गोड सोडायच्या, नाहीतर एक वेळचं बोलणं सोडायच्या. त्यानं देव खूश होतो की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, पण आपण सरळ राहतो एवढं नक्की. हा नेम साधा होता. नोंदीच्या वेळी दिसेल तेच बोलायचं. न दिसलेलं बोलायचं नाही, दिसलेलं गिळायचं नाही.

"म्हणजे तू सरकारी माणूसच झालीस," काका म्हणाले होते. "फक्त शिक्का तेवढा राहिला."

नोंदीच्या बाबतीत काकाही तसेच होते. बावीस वर्षांत त्यांनी कोणी न पाहिलेली एक ओळ लिहिली नव्हती.

२

दोन दिवस सुसाट वारा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळ अशी लख्ख उघडली, की चिमणीवरच्या विटा मोजाव्यात.

"टाकी," काकू म्हणाल्या.

"टाकी," काकांनी लिहिलं.

"चिमणी. पूल. खाण. मनोरा."

"मनोराही? वा. पुढे?"

"रांग आहे."

काकांनी खुर्चीतच पाठ सरळ केली. रांग दिसली की ते दर वेळी असेच सावरून बसत, घरात वडीलधारं माणूस आल्यासारखे. "मोज," ते म्हणाले.

काकूंनी डावीकडून मोजायला सुरुवात केली. टोकदार ते पहिलं. त्याला टेकलेलं दुसरं. मग ती मोठी खिंड, तिच्या पलीकडे तिसरं, चौथं जोडीनं. पाचवं बसकं. सहावं म्हणजे पालथ्या वाटीसारखं. आणि त्याच्या उजवीकडे थोडी मोकळी जागा सोडून आणखी एक.

त्या थांबल्या. डोळे मिटून पुन्हा उघडले.

"काय गं?"

"सात आहेत."

"सहा असतील. ढग असेल एखादा."

"ढग हलतो. हे हललेलं नाही. आणि बाकीच्यांचा रंग निळा आहे, याचा तसा नाही. हे जरा मातकट आहे. जवळचं असल्यासारखं."

काकांचं पेन वहीवर टेकलेलं होतं, त्याच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"नीट बघितलंस?"

"तीनदा मोजले."

"मग सात," काका म्हणाले, आणि त्यांनी सात लिहिलं.

३

आठवड्याभरात शहरातल्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. साहेब काकांहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावानं बरे.

"काय काका, डोंगर वाढवलात? आम्हाला न विचारता?"

"दिसला तो लिहिला."

"अहो, पण यादीत सहा आहेत. नकाशात सहा आहेत. देवानंही सहाच केलेत. खोडून टाका आणि बाजूला सही करा, विषय संपला."

"नोंद खोडता येत नाही, साहेब. नंतर त्याच दिवसाचं कोणी दुसरं काही पाहिलं असेल तर ते लिहिता येतं. तुम्ही पाहिलंय का?"

काकू दारात उभ्या होत्या. 'चूक माझी असेल, खोडा ना,' असं म्हणायला त्यांच्या ओठांवर शब्द आले, आणि तसेच राहिले. चूक झाली असं त्यांना वाटतच नव्हतं. मग म्हणणार कसं?

"काका, मी सरळच बोलतो," साहेब म्हणाले. "तुमच्या डोळ्यांबद्दल इथे कुजबुज आहे. मी आजवर कानाआड केली. आता हे सात म्हणजे माझ्याच टेबलावर येऊन बसलंय. या वर्षाच्या अखेरीला दृष्टीची तपासणी करून घ्या. पास झालात तर टेकडी तुमची. नाही तर..."

नाही तर केंद्र सोडायचं, खोल्या सोडायच्या. ते साहेबांनी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

फोन ठेवल्यावर काका चष्मा पुसत बसले. तो पुसून काही फरक पडणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझ्यामुळे झालं," काकू म्हणाल्या.

"तू सहा म्हणाली असतीस तर तुझ्यामुळे झालं असतं," काका म्हणाले. "चहा ठेव."

४

नोंद करायची ती नुसत्या डोळ्यांनी, असा नियम होता. तिपाईवरची दुर्बीण फक्त ओळख पटवण्यापुरती. सातवं पुन्हा दिसलं ते चार दिवसांनी. नोंद झाली, सात लिहून झाले, आणि मग काकूंनी दुर्बिणीला डोळा लावला.

एकशे चाळीस किलोमीटरवरचं घर दिसत नसतं. डोंगरावरचं झाडसुद्धा दिसत नाही, नुसती कडा दिसते. हे काकांनीच त्यांना शिकवलं होतं. म्हणून जे दिसलं त्यावर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. भिंग पुसलं, तिपाईचे पाय घट्ट केले, पुन्हा पाहिलं.

"काय आहे?"

"सपाट माथा आहे. वर एक बुटकं घर. खिडकी आपल्याकडे आहे." काकू हळूहळू बोलत होत्या, तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडून. "खिडकीत दोघं आहेत. एक जण बसलाय. दुसरी बाई आहे, उभी. खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप."

काकूंनी नजर खाली आणली. त्यांच्या स्वतःच्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप होते. एकातला चहा अजून वाफाळत होता.

काका हसले. खरंच हसले, कित्येक दिवसांनी. "अगं, म्हणजे आपणच की. हवेचे थर तापले-थंडावले की उजेड वाकतो. खालचं वर येतं, जवळचं लांब जातं. आपलीच टेकडी आहे ती, आरशात पडल्यासारखी. मी पुस्तकात वाचलंय. लिहून पाठवू साहेबांना, बढती देतील."

काकूंना इतकं हायसं वाटलं, की त्याही हसल्या. आपणच आपल्याला घाबरलो म्हणायचं. त्यांनी गंमत म्हणून दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं आणि हात उंच करून हलवला.

तिथली बाई हलली नाही. तिनं हात केला नाही.

"आणि अहो," काकू जराशानं म्हणाल्या. नेम होता, म्हणून म्हणाल्या. "तिकडच्या खिडकीची डावी काच नाहीये. तिथे फळी ठोकलेली आहे."

काकांनी हात लांब करून डावी काच चाचपली. ती जागच्या जागी होती. बोटाच्या पेरांनी त्यांनी तिच्यावर दोनदा टकटक केलं, आणि तो आवाज खोलीत उगाचच मोठा वाटला.

५

पुढच्या आठवड्यात दुपारच्या नोंदीच्या जरा आधी वावटळ उठली. खिडकीची झडप सुटून भिंतीवर आदळली आणि डावी काच पार चुरा होऊन खाली आली.

खालच्या वस्तीतून सुतार आला. बोलका माणूस, खिळे तोंडात धरूनही बोलायचा.

"काच या मापाची लगेच मिळायची नाही, काकू. महिना तरी जाईल. तोवर फळी ठोकून देतो. निम्मं दिसेल, पण तुमचं काय, ढगच तर बघायचेत."

"ढग नाही, डोंगर," काका आतून म्हणाले.

"डोंगर तर कुठे पळून जात नाहीत, काका. रोज काय बघायचे?"

सुतारानं फळी लावली, चार खिळे ठोकले, एक वाकडा गेला तो तसाच आडवा दाबून टाकला, आणि चहा पिऊन उतरला.

तो गेल्यावर काकूंनी नोंदवही काढली. दुर्बिणीतून फळी पाहिली तो दिवस आणि आजचा दिवस. बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. अकरा.

योगायोग, त्या स्वतःशी म्हणाल्या. टेकडीवरच्या खिडकीची काच फुटायचीच. कधी ना कधी प्रत्येकाची फुटते. इथली आज फुटली, तिथली आधी. त्यात काय एवढं?

पण आरशातली काच आधी कशी फुटेल?

हवा दोन दिवसांनी निवळली. काकूंनी दुर्बीण लावली आणि त्या फळीवरचे खिळे बघत राहिल्या. एवढ्या लांबून खिळे दिसायला नकोत हे त्यांना कळत होतं. चार होते. एक वाकडा होता.

त्यांनी सगळं काकांना सांगितलं. अकरा दिवसांचंही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि या वेळी पुस्तकातलं काही काढलं नाही.

६

"टाकी. चिमणी. पूल. खाण. मनोरा. रांग," काकू म्हणाल्या. "सात."

"आणि?"

नोंद संपली होती. इथून पुढे बोलणं नेमात येतं की नाही, असा एक विचार काकूंच्या मनात येऊन गेला. पळवाट होती ती, आणि आयुष्यात त्यांनी पळवाट कधी धरली नव्हती.

"खुर्ची रिकामी आहे."

खोलीत घड्याळ चालत होतं. काका ज्या वेताच्या खुर्चीत बसले होते ती किंचित करकरली.

"आणि ती?"

"ती आहे. एकटी. वही तिच्याच हातात आहे."

"मग मी बाथरूममध्ये गेलो असेन," काका म्हणाले. "या वयात काय, दर तासाला."

काकू हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. खुर्ची रिकामी होते ती दोन-चार कारणांनीच. माणूस बाहेर गेलेला असतो, किंवा माणूस गेलेला असतो. तिथल्या बाईचा चेहरा आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. ती रडलेली होती का? चेहरा कधी नीट दिसलाच नव्हता. फक्त उभं राहण्याची ढब तेवढी दिसायची.

सगळी दुपार त्यांनी देवापुढे बसून काढली. मागणं काहीच सुचेना. खुर्ची रिकामी होऊ नये असं मागावं, तर ती झालेली त्यांनी पाहिली होती. मग संध्याकाळकडे त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. खुर्ची रिकामी व्हायचीच आहे ना? मग ती आपणच आपल्या हातानं रिकामी करावी, चांगल्या कारणासाठी. म्हणजे ती करायला दुसऱ्या कोणाला यावं लागणार नाही.

त्यांनी नणंदेला फोन लावला. नणंद शहरात राहायची, डोळ्यांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर.

"वन्सं, तुमच्या भावाला घेऊन जा. दोन्ही डोळे करून घ्या. महिना लागला तरी चालेल."

"दादा तयार झाला? काय जादू केलीस गं वहिनी?"

"अजून व्हायचाय. तुम्ही आधी तारीख घ्या."

काका तीन दिवस फुरंगटून बसले. वडिलांच्या डोळ्याचा विषय काढला, साहेबांना शिव्या दिल्या, चहा थंड होऊ दिला. चौथ्या दिवशी सकाळी, नोंद झाल्यावर, वहीवरून मान न उचलता म्हणाले, "मी परत आलो नाही तर?"

"तसं मी काही पाहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. "आणि न पाहिलेलं मी बोलत नाही."

त्या दिवशी नणंदेचा फोन आला. तारीख मिळाली होती. काकूंनी ती कॅलेंडरवर पाहिली आणि बोटांवर मोजायचं टाळलं. मग मोजलंच. रिकामी खुर्ची पाहिल्यापासून अकरावा दिवस.

७

काकांची गाडी उतारावरच्या वळणाआड गेली तेव्हापासून बघायची खोली एकदम मोठी झाली. साहेबांनी काकूंना महिन्याभराची रीतसर परवानगी दिली होती. आता त्याच बोलत आणि त्याच लिहीत. तरी त्या मोठ्यानं बोलायच्या. टाकी, म्हणायच्या, आणि टाकी लिहायच्या. रिकाम्या खुर्चीत त्यांनी बसून पाहिलं नाही. तिच्यावर घडी केलेली शाल ठेवून दिली.

हवा स्वच्छ असेल त्या दिवशी सातवं असायचंच. तिकडेही ती एकटीच असायची, वहीवर वाकलेली. काकूंना तिची भीती वाटेनाशी झाली होती. मनात त्या तिला 'बाई' म्हणायला लागल्या होत्या. बाई, तुझे सरले का गं दिवस? माझे अजून आहेत. प्रार्थनेला बसल्या की त्या दोन डोळ्यांसाठी मागत, मग आणखी दोन डोळ्यांसाठीही. कोणाचे ते म्हणत नसत.

फोनवर काका रोज तक्रार करायचे. बहिणीकडचा चहा पांचट, पलंग कडक, भाचेसून टीव्ही मोठ्यानं लावते. एक डोळा नीट झाला. दुसऱ्याची तारीख पडली. तोही नीट झाला.

काका गेल्याच्या एकोणिसाव्या संध्याकाळी सूर्य कलताना रांग तांबूस झाली. काकूंनी दुर्बिणीला डोळा लावला.

खुर्चीत माणूस होता.

तो बसला होता, आणि मग उठून त्यानं स्वतःच दुर्बिणीला डोळा लावला. कोणाच्या मदतीशिवाय. म्हणजे नजर परत आली होती. म्हणजे आणखी अकरा दिवसांनी इथेही. काकूंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. रडत रडत त्यांनी नोंद लिहिली, त्यामुळे सातचा आकडा जरा फुगला.

मग झाडू घेतला, खोल्या झाडल्या, पलंगाच्या चादरी काढल्या. बादलीत चादरी बुचकळताना मध्येच त्यांचे हात थांबले.

तो होता. ती नव्हती. आणि कट्ट्यावर कप एकच होता.

आत गेली असेल, काकू म्हणाल्या. माणूस महिन्यानं घरी आल्यावर बाई खिडकीत कशाला उभी राहील? आत शंभर कामं असतात. त्यांनी चादर घट्ट पिळली, अगदी शेवटचा थेंब निघेपर्यंत.

८

काका आले ते नणंदेला सोबत घेऊनच. दारात उभे राहून त्यांनी काकूंकडे बराच वेळ पाहिलं.

"केस केव्हा पिकले तुझे?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगायला विसरले."

"चांगले दिसतात," काका म्हणाले, आणि नणंद म्हणाली, "बघ गं बाई, डॉक्टरनं डोळ्यांबरोबर जीभही बदललेली दिसतेय."

दृष्टीची तपासणी शहरातच झाली होती. पास. साहेबांनी स्वतः पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, टेकडी तुमची. दुपारी सुतार येऊन फळी काढून नवी काच बसवून गेला. ही तुमच्या डोळ्यांना भेट, म्हणाला, आधी पुसून घ्या मात्र, बोटं माझी आहेत.

संध्याकाळी नणंद आणि काकू स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या. पलीकडून काकांचा आवाज येत होता. ते स्वतः बघून स्वतःच मोठ्यानं बोलत होते, नव्यानं वाचायला शिकलेल्या पोरासारखे. टाकी. चिमणी. पूल. पुढे धुरकट आहे.

काकू सहज खोलीत डोकावल्या. काका दुर्बिणीशी उभे होते. खिडकीच्या कट्ट्यावर एकच कप होता. दुसरा काकूंच्या स्वतःच्या हातात, स्वयंपाकघरातून आणलेला.

त्यांना एकदम कळलं आणि त्या दाराला टेकून हसायला लागल्या. म्हणजे हे होतं तर. एवढंच होतं. आत नणंदेबरोबर चहा घेत होते मी.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. सगळं मोजून बरोबर आलं."

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

९

त्यानंतर बरेच दिवस हवा धुरकट राहिली. मनोऱ्यापुढे काही नाही. काका रोज खिडकीशी आधी जाऊन उभे राहायचे. त्यांना रांग बघायची होती. दोन वर्षांत पाहिली नव्हती ना.

मग पुन्हा वारा झाला, आणि एक सकाळ उघडली.

"झालात का तयार?" काकूंनी विचारलं.

"उजेडाला विचार," काका म्हणाले, आणि नव्या काचेतून बाहेर बघत त्यांनी सुरुवात केली. आता काकूंना बोलायचं काम नव्हतं. त्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. कट्ट्यावर दोन कप होते.

"टाकी. चिमणी. पूल. खाण. मनोरा." काकांचा आवाज चढत गेला. "रांग. अगं, रांग आहे. एक. दोन. ही खिंड. तीन, चार. पाच. सहा."

ते थांबले.

"आणि?" काकू म्हणाल्या.

"आहे," काका म्हणाले. "तू म्हणालीस तसंच. मातकट." त्यांनी दुर्बीण वळवली, वाकले आणि डोळा लावला.

घड्याळ चालत होतं. काकूंनी वाट पाहिली. काकांची पाठ स्थिर होती, पण दुर्बिणीच्या नळीवरचं बोट मात्र हळूहळू पांढरं पडत गेलं.

"घर दिसतंय?"

"दिसतंय."

"काच बसवलीय?"

"बसवलीय."

"कोण आहे?"

"मी आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

पुढचा प्रश्न काकूंच्या जिभेवर आला. त्या तो विचारू शकल्या असत्या. काका खोटं बोलत नसत. त्यांनी काकांच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं, त्या जुन्या चित्राकडे, सहाव्याच्या उजवीकडे जिथे कागद घासून घासून पातळ झाला होता. इतके दिवस त्यांना वाटायचं, कोणाची तरी चूक झाली आणि त्यानं ती पुसली. आता त्यांच्या लक्षात आलं, की चूक पुसायला कोणी इतकं घासत नाही.

दिसलेलं गिळायचं नाही, असा नेम होता. विचारलंच पाहिजे असा नव्हता.

"चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

काका दुर्बिणीपासून दूर झाले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. पिकलेले केस, कपाळ, खांदे, सगळं एकदा नीट, शेवटच्या खुणेपर्यंत. मग खुर्चीत बसले आणि वही मांडीवर ओढली. हवा स्वच्छ, त्यांनी लिहिलं. दूरची रांग दिसते. आणि पुढच्या रकान्यात, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, न पाहिलेला आकडा लिहिला. शिखरं सहा.

काकूंनी वाचलं. कट्ट्यावरचा आपला कप त्यांनी जरासा सरकवून काकांच्या कपाला टेकवून ठेवला, लांबूनही दोन दिसावेत असा.

काका उजव्या हातानं सही करत होते. डाव्या हातानं त्यांनी काकूंचं मनगट धरलं होतं. ते त्यांनी दुपारच्या नोंदीपर्यंत सोडलं नाही.